उत्पन्नाच्या दाखल्यावर कमी आकडा लिहिला, तर पुढे नेमके काय होते?

चाफेकळी

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. यजमान एका खासगी कारखान्यात नोकरीला आहेत आणि त्यांच्या फॉर्म १६ वर ६,९०,००० रुपये आहेत. मी घराजवळ एक खोली भाड्याने घेऊन आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. वीस मुले, महिना बाराशे रुपये, वर्षातले दहा महिने, म्हणजे २,४०,००० रुपये. दोन्ही मिळून ९,३०,००० होतात.

परवा दाखल्यासाठी केंद्रावर गेले, तेव्हा अर्ज भरता भरता तिथला मुलगा म्हणाला, "काकू, क्लासचे कशाला लिहिताय? ते कुठे कागदावर आहे? काकांचा फॉर्म सोळा जोडू, तुमच्या नावापुढे गृहिणी लिहितो, आजच्या आज अर्ज पुढे जाईल." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. रोज पन्नास जणांना जे सांगतो, तेच त्याने मला सांगितले. मी स्वयंघोषणापत्रावर सही केली नाही. तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला १,१०,००० रुपये आहे आणि अशी चार वर्षे काढायची आहेत. म्हणून विचारते. असे खोटे लिहिणाऱ्यांचे पुढे खरोखर काय होते? कोण पकडते, केव्हा पकडते आणि त्याचा भार कोणावर येतो, सही करणाऱ्या माझ्यावर की मुलीवर? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

गोदातीर

ताई, मी स्पष्टच लिहितो. माझ्या ओळखीत निदान दहा घरे अशी आहेत, ज्यांनी दुकानाचे, भाड्याचे किंवा शिकवणीचे उत्पन्न दाखल्यात दाखवलेले नाही. त्यांची मुले शिकून नोकरीला लागली आणि एकाही घरी नोटीस आली नाही. मी हे योग्य म्हणत नाही, पण तुम्ही विचारले आहे की खरोखर काय होते, आणि माझ्या पाहण्यात तरी काहीही झालेले नाही.

वाळवेकर

मी महसूल खात्यात एकतीस वर्षे तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गोदातीर यांचा अनुभव खोटा नाही, पण तो अर्धा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाखला तहसील कार्यालयाच्या सहीने निघतो, पण तो उभा असतो अर्जदाराच्या स्वयंघोषणापत्रावर आणि तलाठ्याच्या चौकशी अहवालावर. नोकरदाराचा फॉर्म १६ असतो, शेतकऱ्याचा सातबारा आणि आठ-अ असतो. शिंपी, भाजीविक्रेता, शिकवणी घेणारी बाई यांचे उत्पन्न मात्र ते स्वतः सांगतील तेवढेच असते. लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखला पंधरा दिवसांत द्यावा लागतो, आणि जून-जुलैत एकेका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, अर्जांचा ढीग लागतो. प्रत्येकाच्या दारात जाऊन चौकशी होत नाही, हे मी लपवणार नाही. म्हणून दाखला चटकन हाती येतो. पण मिळालेला दाखला नंतर रद्दही होऊ शकतो, हे अर्जदाराच्या ध्यानात नसते.

माझ्या नोकरीत अशी जी प्रकरणे वर आली, ती बहुतेक दोन वाटांनी आली. एक वाट भावबंदकीची आणि दुसरी त्याच माणसाच्या दुसऱ्या फायलीची. एकाने मुलाच्या वसतिगृहासाठी साठ हजारांचा दाखला घेतला होता आणि त्याच हंगामात गाडीच्या कर्जासाठी पतसंस्थेत पाच लाखांचे उत्पन्न लिहून दिले होते. बांधावरून चुलत भावाशी वाद पेटला, तेव्हा त्या भावाने दोन्ही कागदांच्या छायाप्रती एकाच टाचणीत लावून अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी ते दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. सही तीच, शेवटच्या अक्षराला ओढलेली शेपटीही तीच, आकडे मात्र दोन. बापाला बोलता येईना. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मुठीत वसतिगृहाच्या खोलीची किल्ली होती, कारण सुनावणी संपल्यावर ती परत करायला जायचे होते. दाखला रद्द झाला. बापावर गुन्हा दाखल झाला नाही. मुलाने ते वर्ष मात्र गमावले.

न्यायमार्गी

वाळवेकर काकांनी कामाची पद्धत सांगितली आहे, मी कायद्याची बाजू मांडतो.

पूर्वी अशा कामाला मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्र लागत असे. २०१५ पासून महाराष्ट्रात बहुतेक दाखल्यांसाठी ते बंद झाले आणि साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आले. पुष्कळ लोकांना वाटते की मुद्रांक गेला म्हणजे जोखीमही गेली. तसे नाही. माहिती खोटी आढळल्यास आपल्यावर खटला भरला जाईल याची जाणीव आहे, असे त्या कागदावर छापलेले असते आणि आपण त्याखाली सही करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेतील कलम १९९ आणि २०० यांच्या जागी तिथे कलम २३६ आणि २३७ आहेत, आणि त्यांची शिक्षा खोट्या पुराव्याच्या कलमाप्रमाणे, म्हणजे कलम २२९ प्रमाणे ठरते. न्यायालयीन कामकाजाबाहेरच्या प्रकरणांत ती तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड अशी आहे. खोट्या माहितीच्या आधारे शासनाचे पैसे घेतले, तर फसवणुकीचे कलम ३१८(४) लागू शकते, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दाखलाच बनावट असेल, तर त्याची कलमे वेगळी आणि अधिक कडक आहेत.

प्रत्यक्षात उत्पन्न लपवल्याबद्दल तुरुंगात गेलेला पालक मी माझ्या वकिलीत पाहिलेला नाही. जे होते ते असे: दाखला रद्द होतो, सवलत थांबते, आधी घेतलेली रक्कम परत मागितली जाते आणि त्या दाखल्यावर प्रवेश अवलंबून असेल, तर तो अडचणीत येतो. सही करणारी व्यक्ती कायद्याने उत्तरदायी असते, पण सवलत ज्याच्या नावावर आहे, त्याचे शिक्षण पणाला लागते. चाफेकळी यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके कठोर आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. चूक आणि खोटेपणा यांत कायदा फरक करतो. बेरीज चुकली, नियम समजला नाही, तर खुलासा करता येतो. तुम्ही मात्र आता इथे आकडा लिहिलेला आहे, म्हणजे तो तुम्हाला ठाऊक आहे.

रानजाई

मी मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटनेचे काम करते आणि या चर्चेची दुसरी बाजू मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

संजय गांधी निराधार योजनेत विधवा किंवा निराधार बाईसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५० रुपये. योजनेतून तिला मिळणारी मदत महिना १,५०० रुपये आहे. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाचे धान्य मिळवायचे, तर ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० ही वार्षिक मर्यादा आहे. ४४,००० ला ३६५ ने भागले, तर साऱ्या घरासाठी दिवसाला १२० रुपये येतात. रोजगार हमीच्या कामावर एका माणसाची एका दिवसाची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. शासनाची स्वतःची मजुरी आणि शासनाची स्वतःची मर्यादा यांचा मेळ बसत नाही.

गेल्या वर्षी एका विधवा बाईचा अर्ज भरायला मी तिच्या ओट्यावर बसले होते. वर्षात किती दिवस काम मिळाले, असे विचारल्यावर ती अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून मोजू लागली. खुरपणीचे इतके, वेचणीचे इतके, मध्ये पोर आजारी होते ते पंधरा दिवस सोडून. एकशे चाळीस दिवस आणि दिवसाला तीनशे, म्हणजे बेचाळीस हजार. ती थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, लई झालं का?" बेचाळीस हजार रुपयांत दोन मुलांना वाढवणाऱ्या बाईने, उत्पन्न जास्त झाले का, असे भीत भीत विचारावे, हे मी आजही विसरू शकत नाही. त्या अर्जावर एकवीस हजारांच्या आतला आकडा गेला. लिहिणारा हात माझा होता, आणि मी त्या बाईला खोटारडी म्हणू देणार नाही.

फळा_खडू

रानजाई, तुमचे वाचून डोळ्यांत पाणी आले. तरीही एक शंका आहे. चाफेकळी यांचे घर आणि त्या बाईचे घर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि तुमचा प्रतिसाद वाचून कोणी तरी नऊ लाखांच्या उत्पन्नालाही तोच न्याय लावून घेईल.

रानजाई

तो न्याय मी लावत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मर्यादा इतकी जुनाट ठेवली, की खरे बोलणारा गरीबच बाहेर पडतो, आणि मग खोटा आकडा लिहिणे ही साऱ्या गावाची रीत बनते. त्या रीतीचा आडोसा पुढे ज्यांना गरज नाही तेही घेतात. केंद्रावरच्या मुलाला त्यात काही वावगे का वाटले नाही, याचे मूळ मला इथे दिसते.

वाळवेकर

रानजाई ताईंनी जे लिहिले, तसे अहवाल मीही दिले आहेत. समोर निराधार बाई उभी आहे आणि मर्यादा एकवीस हजारांची आहे, अशा वेळी मी अहवालात खरे उत्पन्न लिहिले असते, तर तिच्या ताटातला घास काढल्यासारखे झाले असते. नियमाने ती माझी कसूर होती आणि आजही मी ती तशीच मानतो. परंतु याच सवलतीच्या रांगेत मी मोटारसायकलवरून आलेला, हातात सोन्याचे कडे घातलेला माणूसही पाहिला आहे, आणि त्याच्याही कागदावर वीस हजारच होते. दोघांच्या कागदांवर आकडा एकच असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. पुढे कधी छाननीची लाट आली, की पहिल्यांदा नाव कोणाचे कापले जाते? जिच्यासाठी तहसीलात खेटे घालायला कोणी नाही, तिचे.

इंद्रायणीकाठ

प्रवेशाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा मे २०२४ मधला एक निकाल या धाग्याशी थेट जुळतो. एका विद्यार्थिनीला २०१२ साली मुंबईत सायन येथील महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात इतर मागास प्रवर्गातून प्रवेश मिळाला होता. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र घेताना वडिलांनी पत्नीशी घटस्फोट झाल्याचे सांगून तिचे उत्पन्न बाहेर ठेवले होते. पत्नी महापालिकेत नोकरीला होती आणि चौकशीत कुटुंब एकत्र राहत असल्याचे पुढे आले. प्रमाणपत्र रद्द झाले, प्रवेशही रद्द झाला. विद्यार्थिनी न्यायालयात गेली आणि अंतरिम आदेशाच्या आधारे तिने शिक्षण पूर्ण केले.

अंतिम निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द करणे योग्य ठरवले, प्रवेश खुल्या प्रवर्गातला मानला, शुल्कातला फरक भरायला लावला आणि वर आणखी पन्नास हजार रुपये भरण्याचा आदेश दिला. पदवी मात्र काढून घेतली नाही. देशात लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर कमी आहेत आणि शिक्षण पूर्ण झालेले आहे, तेव्हा पदवी काढून घेणे हे समाजाचेच नुकसान ठरेल, असा विचार न्यायालयाने केला. मात्र या मार्गाने एका पात्र विद्यार्थ्याची जागा गेली, हेही न्यायालयाने नजरेआड केले नाही.

गोदातीर

म्हणजे अखेर पदवी वाचलीच. माझा मुद्दा याने खोटा ठरत नाही.

न्यायमार्गी

गोदातीर, पदवी वाचली ती त्या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीमुळे, आणि तेही प्रवेशानंतर बारा वर्षांनी. तोपर्यंत तारखा, वकील आणि डोक्यावर टांगती तलवार. अशा सहानुभूतीवर भिस्त ठेवून कोणी पाऊल उचलू नये. खोट्या जात प्रमाणपत्रांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये नेमकी उलट आणि कडक भूमिका घेतलेली आहे: खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश, कितीही वर्षे लोटली, तरी त्याला संरक्षण नाही. ते प्रकरण जातीच्या दाव्याचे होते, उत्पन्नाचे नव्हते, हे खरे. पण न्यायालये या विषयाकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते त्यावरून कळते.

आणखी एक खुलासा, कारण इथे अनेकांचा गोंधळ होतो. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. शुल्कमाफीसाठी मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न धरले जाते. दोन्हीकडे आकडा आठ लाखांचाच असल्याने लोक एकाचे नियम दुसऱ्याला लावतात. चाफेकळी यांच्याकडे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र असेल, तर ते पूर्ण खरे असू शकते आणि तरीही त्या शुल्कमाफीला अपात्र असू शकतात.

शेवंती

"कोणी पकडत नाही" हे आता किती दिवस चालेल, याची मला शंका आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. महिना १,५०० रुपये, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा किंवा शासकीय नोकरीतला कोणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळले असून त्यांचा लाभ तूर्त थांबवला आहे. हे कोणी दारोदार फिरून शोधले नव्हते. वेगवेगळ्या विभागांकडच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. एकाच वेळी दोन योजना घेणाऱ्या, एका घरातल्या दोनपेक्षा जास्त, इतकेच काय, पुरुषांनी केलेले अर्जही त्यात सापडले.

माझ्या नणंदेने त्या योजनेचे पैसे घेतले होते. तिचे यजमान आयकर भरतात, पण तिला वाटले की बाईच्या नावावर काही नसले की झाले. नियम समजल्यावर तिने स्वतः लेखी अर्ज देऊन लाभ सोडला. त्या संध्याकाळी तिने चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. भावाने विचारले, तेव्हा म्हणाली, "मी चोर नाही रे, मला कोणी नीट सांगितलंच नाही." तिच्या या वाक्याची आठवण मला न्यायमार्गी यांच्या "चूक आणि खोटेपणा" या शब्दांनी करून दिली.

कालव्याकाठी

मी गेली चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलवीनला राहतो. शेवंती यांनी याद्या ताडण्याचे लिहिले आहे, म्हणून इथले उदाहरण सांगणे आवश्यक वाटते. खोट्याला आळा घालायचा म्हणून यंत्रणा आंधळी झाली, तर काय होते, ते या देशाने पाहिले आहे.

इथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना उत्पन्नानुसार भत्ता मिळतो. येत्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज कळवायचा, त्यावर भत्ता सुरू होतो आणि वर्ष संपल्यावर हिशेब जुळवला जातो. पद्धत मुळात चांगली आहे, कारण मध्येच पगार वाढला किंवा काम सुटले, तर संकेतस्थळावर आकडा बदलता येतो आणि त्यात गुन्हेगारासारखे वाटण्याचे कारण नसते. पण घोटाळेबाज शोधण्याच्या भरात कर खात्याने एखादी सही राहिली, स्वतःचा हिस्सा थोडा कमी भरला, अशा चुकांनाही लबाडी ठरवले आणि संपूर्ण भत्ता परत मागितला. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, अनेकांची घरे गेली, संसार मोडले. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे अधिक संशयाने पाहिले गेले. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने या प्रकरणावरून राजीनामा दिला, आणि बाधित पालकांना प्रत्येकी किमान ३०,००० युरो भरपाई देण्याचे ठरले.

ऑस्ट्रेलियातही सरकारी मदत घेणाऱ्यांच्या बाबतीत तसेच झाले. वर्षाच्या उत्पन्नाला पंधरवड्यांनी भागून सरासरी काढायची आणि त्यावरून लोकांनी उत्पन्न लपवले असे ठरवून वसुलीची पत्रे पाठवायची, असा तो प्रकार होता. हंगामी काम करणाऱ्याचे उत्पन्न सरासरीत कसे बसणार? २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. रानजाई ताईंच्या पेरांवर दिवस मोजणाऱ्या बाईला उद्या एखाद्या संगणकाने लबाड ठरवू नये, म्हणून हे सांगतो.

रानजाई

कालव्याकाठी, हे अगदी मनाला लागले. छाननीत नाव वगळलेल्या बायकांची पुन्हा पडताळणी होते, पण त्यासाठी तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडे जाते. आकडा दुरुस्त करण्याची सोपी वाट गावातच असायला हवी.

फळा_खडू

मी एका खासगी शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असतात, आणि आर्थिक दुर्बलांसाठी आपल्या राज्यात एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागतो. माझ्या वर्गात त्या जागेवर आलेला एक मुलगा होता. दुसऱ्या इयत्तेत असताना तक्रार झाली, चौकशी झाली आणि वडिलांचा चांगला चालणारा व्यवसाय उघड झाला. त्यांनी पुढच्याच आठवड्यात मुलाला काढून दुसऱ्या शाळेत घातले. त्यांना शुल्क भरणे जड नव्हते, म्हणून वरवर पाहता कोणाचे काही बिघडले नाही.

पण त्या मुलाने शेवटच्या दिवशी मला विचारले की बाई, मी काय केले? त्याच्या वहीवर मी नेहमीप्रमाणे तारीख घालून सही केली आणि मला काहीच उत्तर देता आले नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्याच वर्षी सोडतीत नाव न लागलेली धुणे-भांडी करणाऱ्या एका बाईची मुलगी आमच्या फाटकासमोरून रोज लांबच्या शाळेत चालत जात असे. ती रिकामी झालेली जागा तिला मिळाली नाही, कारण दुसरीत नव्याने तसा प्रवेश देत नाहीत. गोदातीर, तुम्ही म्हणता काही होत नाही, पण ज्याचे होते तो आपल्या ओळखीचा नसतो.

गोदातीर

फळा_खडू, हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले आणि माझ्या पहिल्या प्रतिसादाकडे परत गेलो. मी फक्त नोटीस आलेल्यांचा हिशेब करत होतो.

तरीही एक तक्रार मी मागे घेणार नाही. आठ लाखांच्या आत पूर्ण माफी आणि एक रुपया वर गेला की शून्य, ही रचना माणसाला खोटे बोलायला ढकलते. नॉन-क्रीमीलेअरची आठ लाखांची मर्यादाही सप्टेंबर २०१७ पासून तिथेच आहे. दहा लाखांपर्यंत पाऊण, बारापर्यंत अर्धी, अशी उतरती सवलत ठेवली असती, तर चाफेकळी ताईंना हा धागा काढावाच लागला नसता.

न्यायमार्गी

उतरत्या सवलतीबद्दल मी पूर्ण सहमत आहे. चाफेकळी, तुमच्यासाठी एक महत्त्वाचा मुद्दा मागे राहिला. शिकवणीचे उत्पन्न म्हणजे जमा झालेली सगळी फी नव्हे. ती मिळवण्यासाठी केलेला खरा खर्च, म्हणजे खोलीचे भाडे, मदतनिसाचे मानधन, वीज, छपाई, वजा करून जे उरते, ते उत्पन्न. पावत्या असतील तर तसा हिशेब जोडा. यात लपवण्यासारखे काही नाही.

चाफेकळी

सर्वांचे मनापासून आभार. न्यायमार्गी यांचा प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री मी आणि मुलगी शिकवणीची वही घेऊन बसलो. खोलीचे भाडे महिना ४,०००, वर्षाचे ४८,०००. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या मुलीचे मानधन दहा महिन्यांचे ५०,०००. वीज आणि छपाई मिळून १०,०००. एकूण खर्च १,०८,००० वजा जाता शिकवणीचे १,३२,००० उरले. यजमानांचे धरून ८,२२,००० झाले.

बावीस हजारांनी मर्यादा ओलांडली जाते. हा आकडा समोर आला, तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. छपाईचा खर्च दहाचा बत्तीस हजार केला, तर कोणाला कळणार होते? हा विचार माझ्या मनात आला, आणि मुलीच्याही आला असावा, कारण तिने पेन खाली ठेवले. मग तीच म्हणाली, "आई, मी चार वर्षं प्रत्येक अर्जाबरोबर हा कागद जोडणार. मला तो दर वेळी नीट वाचता आला पाहिजे."

आज सकाळी केंद्रावर जाऊन ८,२२,००० रुपयांचा अर्ज भरला. तो मुलगा म्हणाला की काकू, मग दाखला काढून उपयोग काय? मी म्हटले की बँकेत शैक्षणिक कर्जासाठी लागेल. यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम काढणार आहोत, उरलेल्यासाठी कर्ज. मला वाईट वाटले नाही असे नाही. पर्समधला तो घडी घातलेला कागद अजून तसाच आहे.

वाळवेकर

चाफेकळी ताई, तो जुना कागद फाडून टाका, सही न केलेला असला, तरी तसा कागद घरात ठेवू नये. आणि शिकवणीची वही, भाड्याच्या पावत्या व मानधनाच्या नोंदी तारीखवार सांभाळा. दाखला सहसा ३१ मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा पुढच्या वर्षी उत्पन्न नव्याने सांगावे लागेल. मुले कमी झाली किंवा भाडे वाढले, तर आकडा खरोखर आठच्या आत येईल, आणि सवलतीचा अर्ज पुढच्या वर्षांसाठीही भरता येतो का, ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात आत्ताच विचारून ठेवा. त्या वेळी कोणी चौकशीला आले, तर ती वही पुढे करा.

चाफेकळी

काका, कागद फाडला. वहीला आज मुलीने नवे कव्हर घातले आणि शिष्यवृत्ती विभागात सोमवारी जाऊन विचारते.